एका तासाच्या गाण्याबद्दल आभार

प्रिय दादा,

तुझं नाव लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही. पण तोंडावर आभार मानले तर तू विषय बदलतोस, म्हणून हे उघड पत्र.

डाव्या मनगटाच्या टेंडनला सूज आली, तेव्हा मी रोज चार-चार तास वेगाचा रियाज करत होते. मेट्रोनोम थोडा थोडा वर सरकवत राहायचं, एवढंच माझं संगीत उरलं होतं. डॉक्टरांनी गिटार बंद करायला लावली, नंतरही जोर लावायचा नाही अशी तंबी दिली. बाकी सगळे "होईल बरं" म्हणत होते. तू सीडी पुढे ठेवलीस. "एकच गाणं आहे, तासाभराचं. मध्ये उठायचं नाही."

'स्लीप' या अमेरिकन मेटल बँडचं 'डोपस्मोकर'. खरं सांगते, पहिल्यांदा दहाव्या मिनिटालाच मी कंटाळले. तीच रिफ, म्हणजे गिटारचा तोच छोटा तुकडा, पुन्हा तीच. दुसऱ्यांदा हेडफोन लावून, दिवा मालवून बसले, तेव्हा कळलं की रिफ तीच असली तरी आतलं सगळं हलतंय. ख्रिस हेकियसचे ड्रम्स भर सरकवतात, अल सिस्नेरोसचा बास गिटारच्या पोटात शिरतो, मॅट पाइकच्या गिटारच्या फझमधून, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजातून, न वाजवलेले स्वर वर येतात. तंबोऱ्याशेजारी बसलं की जवारी उलगडते ना, तसं. (गांजाचं स्तोत्रच आहे ते सगळं. मी चहावर ऐकलं, तरी चढलं.)

मग तू माझी गिटार उतरवलीस. सगळ्या तारा चार-चार अर्धस्वर खाली, म्हणजे जाडी तार ८२ हर्ट्झवरून ६५ वर. तारा सैल, बोटाला जोर कमी. एक कॉर्ड छेडली की विरेपर्यंत डावा हात नुसता टेकलेला. टोनी आयोमीचं तू तेव्हाच सांगितलंस: बर्मिंगहॅमच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. पुढे हलक्या तारा आणि खाली उतरवलेलं ट्यूनिंग यांतून त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' बँडचा तो जड आवाज घडत गेला. त्यालाही कारखान्यातल्या वरिष्ठानं जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली होती. जँगोचीही दोन बोटं आगीत निकामी झालेली. तू हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हतास. मला मात्र नीट कळलं होतं.

'स्लीप'ची गोष्ट तू हप्त्यांनी सांगायचास. १९९० च्या सुमारास सॅन होजेमध्ये सुरुवात. दुसरा गिटारवादक जस्टिन मार्लर पहिल्या अल्बमनंतर चक्क मठात गेला. 'होली माउंटन' या अल्बममुळे नाव झालं, लंडन रेकॉर्ड्सनं करार केला, आणि या पठ्ठ्यांनी कंपनीला तासाभराचं एकच गाणं दिलं, हेच 'डोपस्मोकर'. टेपच्या रिळावर ते मावेना, म्हणून निर्माता बिली अँडरसनबरोबर तुकड्यांत ध्वनिमुद्रण. कंपनीनं ते बाजारात आणायला नकार दिला. बँड फुटला. १९९९ मध्ये 'जेरुसलेम' नावानं ५२ मिनिटांची आवृत्ती आली, २००३ मध्ये 'डोपस्मोकर' नावानं ६३ मिनिटांची. तोवर पाइक 'हाय ऑन फायर' या नव्या बँडमध्ये रमला होता, उरलेले दोघे 'ओम' नावाच्या बँडमध्ये. ओममध्ये तर सुरुवातीला गिटारच नव्हती! २००९ मध्ये 'स्लीप' पुन्हा मंचावर आला. २०१८ च्या २० एप्रिलला, आदल्या दिवसापर्यंत कसलीही वाच्यता न करता, 'द सायन्सेस' हा नवा अल्बम. त्या रात्री तुझा फोन आला होता. आपण दोघं बोललोच नाही, नुसतं ऐकत राहिलो.

मनगट अजून ओल्या हवेत कुरकुरतं. वेगाचे सोलो मी सोडून दिले, त्याचं फारसं दुःखही नाही. आता सैल तारांवर वीस मिनिटांचं काहीतरी वाजवते. शेवट जमत नाहीये, तू येशील तेव्हा ऐकवीन.

तुझी सीडी माझ्याकडेच आहे. डबीची बिजागरी तुटलीय, ती माझ्याच हातून. मागितलीस तर देईन, पण मागू नकोस.

तुझी,
धाकटी