सर्वांत मागच्या गाडीतल्या दादांना

प्रिय दादा,

सायकलफेरी संपली, हिशेब लागला, जमलेला निधी हॉस्पिसकडे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेकडे, पोहोचला. देणगीदारांना आभाराची पत्रं गेली, मुक्कामाची सोय करणाऱ्यांनाही गेली. तुम्हाला मात्र कुणी काही लिहिलं नाही, आणि तुम्ही त्याची वाटही पाहिली नसणार. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

देणग्या आल्या त्या आमच्या नावावर. फोटोतही आम्हीच. पण दिवसभर सायकलच्या वेगाने गाडी हाकणं किती जिकिरीचं असतं, ते फोटोत दिसत नाही. समोरून वारा सुटला की गटातून मागे पडणाऱ्याचे फार हाल होतात. पुढच्याच्या आडोशाने वाऱ्याचा बराच मार चुकतो. तो आडोसाच जातो आणि एकट्याला सगळा वारा अंगावर घ्यावा लागतो. अशा वेळी तुम्ही कधी हॉर्न वाजवला नाहीत, की ‘बसा आता गाडीत’ म्हणाला नाहीत. थांबलं की पाणी पुढे करायचात आणि म्हणायचात, ‘आधी दम घ्या, मग ठरवू.’ माझा गुडघा पुढून दुखतोय म्हटल्यावर सीट बोटभर वर केलीत, आणि पुढचे सगळे चढ मी चढू शकलो. पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हलकेच बोटं फिरवून काटा शोधायचा, नाहीतर नवी ट्यूबही जाते, हे आमच्यातल्या कितीतरी जणांना तुम्हीच शिकवलंत.

तरी माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिली ती मुक्कामाची एक संध्याकाळ. हॉस्पिसच्या सिस्टर भेटायला आल्या होत्या. आम्ही सगळे पाय ताणत बसलो होतो आणि तुम्ही सरळ विचारलंत, ‘माणूस बरा होणार नाही म्हटल्यावर तिथे करतात तरी काय?’

सिस्टर किती वेळ बोलत होत्या! सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, तिथपासून त्यांनी सांगितलं. वेदना असह्य होईपर्यंत थांबायचं नाही, ती परतण्याआधीच ठरल्या वेळी औषध द्यायचं. आणि वेदना म्हणजे फक्त शरीराची नव्हे. भीती, घरच्यांची काळजी, राहून गेलेलं बोलणं, हेही तिच्यातच येतं. बरेचसे रुग्ण घरीच असतात, तिथे सिस्टर जातात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, कोरडं पडलेलं तोंड कसं ओलं ठेवायचं, मध्यरात्री धाप लागली तर काय करायचं, हे घरच्यांना शिकवतात. माणूस गेल्यावरही त्या घराशी संबंध तोडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, अशा उपचारांची गरज असलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांनाच ते मिळतात. हे ऐकून आम्ही सगळे गप्प झालो होतो.

मग तुम्ही दुसरा प्रश्न विचारलात. ‘आणि जो सांभाळतो, त्याच्याकडे कोण बघतं?’

दादा, माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात बाबांना झोप अशी नव्हतीच. एके दुपारी हॉस्पिसची एक स्वयंसेविका आईजवळ बसली आणि बाबांना म्हणाली, ‘तुम्ही आत जाऊन झोपा.’ ते संध्याकाळपर्यंत झोपले. उठून आईशी बोलले ते किती दिवसांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात! मी सायकलवर बसलो तो त्या दुपारीसाठी, पण तुम्ही विचारेपर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या की सांभाळणाऱ्याला विसावा देणं हे त्यांचं निम्मं काम आहे आणि पैसे कमी पडतात तेही बहुधा तिथेच. निधी सुपूर्द करताना आम्ही सुचवलं, की त्यातला काही भाग रात्री घरी येऊन बसणाऱ्या मदतनिसांसाठी वेगळा ठेवावा. हॉस्पिसने ते मान्य केलं आहे. ही गोष्ट तुमच्या प्रश्नातून सुरू झाली, हे तुम्हाला कळायलाच हवं.

आणखी एक. पुढच्या फेरीत तुमच्या जोडीला दुसरा चालक असेल. अर्धा रस्ता तो गाडी चालवेल, तेव्हा तुम्ही झोपायचं. यायचं मात्र नक्की.

तुमचा,
मागे पडणाऱ्यांतला एक सायकलस्वार