सर्दी झाली म्हणून दूध तोडू नकोस

नाशिक, रविवार दुपार

प्रिय नीलू,

काल चोंदलेल्या नाकाने म्हणालीस, "सर्दी आहे, म्हणून दोन दिवस बाळाला वरचं दूध देतोय." मागून काकूंचा आवाज येत होता, म्हणून फोनवर जास्त बोलले नाही. आता लिहिते.

अगं, पाज त्याला! तुला पहिली शिंक यायच्या आधीच ते जंतू बहुतेक त्याच्यापर्यंत पोचलेत. त्यावरचा उतारा मात्र तुझ्याच अंगात तयार होतो. आतड्यात, श्वासनलिकेत ज्या पेशींनी जंतू ओळखलेले असतात, त्यांतल्या काही रक्तातून थेट छातीकडे निघतात. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या दुधाच्या ग्रंथी त्यांना रसायन सोडून बोलावून घेतात म्हणे! तिथे मुक्काम ठोकून त्या आयजीए नावाची प्रतिपिंडं बनवतात आणि ती दुधात उतरतात. बाळाच्या पोटात ती सहजी पचत नाहीत. आतड्यात जंतूंना धरून ठेवतात, अस्तराला चिकटू देत नाहीत. तुमच्याच घरातल्या, गल्लीतल्या जंतूंवरचा इलाज हा, पावडरच्या डब्यात कुठून येणार?

१८९२ साली पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पिल्लांच्या आयाच बदलल्या होत्या. विषाला सरावलेल्या उंदरिणीचं दूध प्यायलेली परकी पिल्लंही त्या विषातून वाचली.

सगळ्यात जास्त आयजीए असतं चिकात. माझ्या थोरल्याच्या वेळी दवाखान्यातल्या मावशींनी चीक पिळून टाकायला लावला, "जड असतो" म्हणून. जेमतेम चमचाभर, पिवळाधमक, बोटाला चिकटणारा. गाय व्याली की खरवसासाठी चिकाचा थेंब न सांडणारी माणसं आपण, आणि बाईचा मोरीत! अजून राग येतो.

जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या फौजेतल्या आणखी काही गरोदरपणात दुधाच्या ग्रंथींची वाढ होताना हाताशी असतात, आणि दूध तोडल्यावर तिथली आवराआवरही करतात. पण दूध येत राहायला छाती रिकामी व्हावी लागते. दोन दिवस पाजलं नाहीस तर दूध साचेल, गाठ धरेल, छाती ठणकेल आणि पान्हाही कमी होईल. तांबूस चट्टा आणि ताप आला तर मात्र डॉक्टरांकडे जा, शेकत बसू नकोस. तेव्हाही पाजणं सोडू नकोस.

तोंडाला रुमाल बांध, हात धू, आणि सर्दीचं औषध विचारल्याशिवाय घेऊ नकोस. काहींनी दूध आटतं. काकूंना खरवसाचंच उदाहरण दे, पटेल त्यांना.

अळिवाचे लाडू शनिवारी दादाबरोबर पाठवते. नारळ जरा जास्त पडलाय.

तुझी,
सुधा