ते दोन पानी पत्र पाठवू नकोस

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू इतकी तापली होतीस की मी नुसती हं हं करत राहिले. तुझ्या ऑपरेशनची फाईल मागायला गेलीस तर जुन्या डॉक्टरांच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी चौथ्यांदा 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून वाटेला लावलं, आणि डॉक्टर स्वतः एकदाच बोलले ते 'दुसरीकडे गेलात ना, मग त्यांनाच विचारा' एवढं. रात्री तू त्यांना लिहिलेलं पत्र वाचलं. त्यात खोटं एक अक्षर नाही. तरी पाठवू नकोस.

मी हे सांगतेय कारण असं पत्र मी एकदा पाठवून बसले आहे. तू तेव्हा शाळेत होतीस. माझं तर चार पानी होतं, आणि शेवटच्या पानावर दोन ओळींत 'माझी फाईल द्यावी'. उत्तर आलंच नाही. पुढे तिथल्याच एका नर्सने सांगितलं की ते पत्र सरळ वकिलाकडे गेलं आणि फाईल कपाटात कुलूपबंद झाली. सहा महिन्यांनी निमूट चार ओळींचा अर्ज दिला, तर तिसऱ्या दिवशी पाकीट हातात!

पाकिटात पिवळट पडलेलं एक कार्ड होतं. वरच्या कोपऱ्यात लाल पेनने, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं: 'पेनिसिलीन – अंगावर पुरळ'. मी हे साफ विसरले होते. मधल्या काळात प्रत्येक नव्या डॉक्टरला छातीठोकपणे 'मला कसलीच अ‍ॅलर्जी नाही' सांगत होते. त्याच कार्डावर खाली बारीक अक्षरात 'प्रश्न फार विचारते'. एवढ्यासाठी सहा महिने! मला हसूच आलं. फाईल अडवणारा प्रत्येक जण सूडच उगवतो असं नाही गं. पेशंट गेला याचा राग असतो, पण आपलं लिहिलेलं आता दुसरा डॉक्टर वाचणार, एखाद वेळी वकील वाचणार, ही धास्ती त्याहून मोठी असते. तुझ्या दोन पानांनी ती वाढेल.

तेव्हा अर्ज कोरडा लिही. त्यांच्याकडे नोंदवलेलं पूर्ण नाव, जन्मतारीख, केसपेपर नंबर, अ‍ॅडमिट झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख. कारण म्हणून 'पुढील उपचारांसाठी' एवढंच. आणि 'सगळी कागदपत्रं' असं मोघम मागू नकोस, हातावर डिस्चार्ज कार्ड ठेवून मोकळे होतील. ते तर तुझ्याकडे आहेच. नाव घेऊन माग: अ‍ॅडमिट असतानाचे केसपेपर, ऑपरेशनची टिपणं, भुलीचा तक्ता, गाठीचा बायोप्सी रिपोर्ट, ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे थायरॉईडचे रिपोर्ट. मूळ कागद मागायचे नाहीत, प्रती पुरतात. अर्जाच्या दोन प्रती ने, एकीवर तारीख घालून सही-शिक्का घेऊन ये. पोच द्यायला कुरकुर केली तर तोच अर्ज ईमेलने पाठव.

ती तारीख महत्त्वाची आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत स्पष्ट आहे की पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागणी केली तर पोच देऊन ७२ तासांत कागद द्यायचे. पोचच नसेल तर ७२ तास मोजायचे कुठून? त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे, म्हणून मी घाई करतेय: अ‍ॅडमिट झालेल्या पेशंटच्या नोंदी जपण्याचं बंधन तीन वर्षांचं आहे, आणि ती उपचार सुरू झाले त्या दिवसापासून मोजतात. तुझ्या ऑपरेशनला अडीच वर्षं होत आली.

'बाहेरच्या डॉक्टरांचे रिपोर्ट आम्ही देत नाही' असंही रिसेप्शनवरून सांगितलं ना? कॅनडात नेमका हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी स्वतःची टिपणं दिली, पण इतर डॉक्टरांकडून आलेले कागद त्यांच्याकडूनच घ्या म्हणाल्या. १९९२ साली निकाल लागला: कागद डॉक्टरच्या मालकीचे असले तरी त्यातली माहिती बघायचा हक्क पेशंटचा, आणि उपचारांसाठी वापरलेले बाहेरचे कागदही त्यात आले. तिकडचा निकाल इथे दाखवून उपयोग नाही. पण आपण काही जगावेगळं मागत नाही, एवढं डोक्यात असू दे.

अर्ज दिल्यावर हातावर हात धरून बसू नकोस. डॉक्टरांच्या फाईलमधलं निम्मं मूळचं दुसऱ्याच कुणाकडे असतं. रक्ताचे रिपोर्ट लॅबकडे. सोनोग्राफी आणि सीटी जिथे केले तिथे. तिथून रिपोर्टच्या कागदाबरोबर चित्रांची सीडी माग, कारण नव्या डॉक्टरांना चित्रं स्वतः बघायची असतात. आणि गाठ! ती तपासणारी लॅब वेगळी होती, आठवतं? काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये घालून ठेवतात, त्याचे पातळ काप काचेवर घेतात. लॅबला पत्र देऊन त्या स्लाईड आणि ब्लॉक जपून ठेवलेत का ते विचार. ते मिळाले तर दुसरा पॅथॉलॉजिस्ट गाठ नव्याने तपासू शकतो, जुन्या डॉक्टरांच्या फाईलवाचून अडणार नाही. नव्या डॉक्टरांनाही एक फोन करायला सांग. आपल्याला जे महिनाभर मिळत नाही ते डॉक्टरने डॉक्टरला मागितलं की कधी कधी दुपारपर्यंत येतं. चीड येते, पण चालवून घे.

एवढं करूनही चौथ्या दिवशी हात रिकामे असतील, तर पोच जोडून एक स्मरणपत्र आणि मग राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार. पहिल्या अर्जात मात्र कौन्सिलचं नाव काढू नकोस.

तुला सुट्टी मिळत नसेल तर बाबा जाऊन येतील. त्यांच्या नावाने अधिकारपत्र दे, सोबत तुझ्या ओळखपत्राची झेरॉक्स. ते भांडत नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहतात, त्याचा फार उपयोग होतो.

अर्जाचा मसुदा आज रात्री पाठव. ते दोन पानी पत्र माझ्याकडेच राहू दे.

तुझी,
आई