गोळा आधी, राउंड नंतर

पुणे

प्रिय दिना,

सप्रेम नमस्कार.

पोलीस भरतीच्या तयारीतल्या तुझ्या पोरांचं वेळापत्रक मिळालं. पहाटे पाचला पाच राउंड, मग शंभर बैठका, पन्नास जोर, त्यावर गोळ्याचे वीस थ्रो आणि शेवटी 100 मीटरचे स्टार्ट. आठवड्यातले सहा दिवस हेच. तू विचारतोयस, 1600 मीटरचं टायमिंग सुधारतंय पण गोळा सहा-साडेसहा मीटरच्या पुढे का सरकत नाही, आणि धावणं आधी घ्यावं की ताकदीचं काम. तुझा क्रम नेमका उलटा आहे. पण नुसता तो फिरवून भागणार नाही, सगळा आठवडाच नव्याने मांडावा लागेल.

आधी गुणांचा हिशोब समोर ठेव. पोलीस शिपाई भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, 50 गुणांची. मुलांना 1600 मीटरचे 20, 100 मीटरचे 15, गोळ्याचे 15. 1600 ला पैकीच्या पैकी हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंद, म्हणजे 400 चा प्रत्येक राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. 100 मीटर साडेअकरा सेकंदांत. 7.260 किलोचा गोळा साडेआठ मीटर. आता बघ, 50 पैकी 30 गुण ज्यात आहेत ते दोन्ही प्रकार झटक्याचे, म्हणजे क्षणात पूर्ण जोर लावायचे आहेत आणि दमाचे फक्त 20. आपल्याकडच्या बहुतेक बॅचमध्ये सकाळचा सगळा ताजेपणा त्या 20 गुणांवर खर्च होतो आणि 30 गुणांसाठी उरतात थकलेले पाय.

दमलेल्या पोराचा थ्रो एकदा बाजूला उभा राहून नीट बघ. गोळा मानेला टेकलेला असायला हवा, तो दीड-दोन इंच सुटलेला असतो. कोपर खाली पडलेलं असतं, त्यामुळे गोळा ढकलला न जाता चेंडूसारखा फेकला जातो आणि मनगटावर ताण येतो. मागच्या पायाची टाच वळत नाही, कंबर आडवीच राहते, सगळी फेक एकट्या हाताची होते. गोळा बोटांच्या मुळाशी न राहता तळहातावर घसरतो. हे तू त्याला दहा वेळा ओरडून सांगितलंस तरी सुधारत नाही, कारण त्याला कळत नाही असं नाहीच, पाय ढकलत नाहीत. गोळा हातातून सुटेपर्यंतचा जोर जेमतेम सेकंदाचा. तेवढ्या वेळात जे स्नायू आणि ज्या नसा एकदम पेटायला हव्यात, त्या पाच राउंड आणि शंभर बैठकांनी मंदावलेल्या असतात. अशा अवस्थेत रोज वीस थ्रो म्हणजे रोज वीस वेळा हळू थ्रो शिकवणं.

आता बैठकांचं. रागावू नकोस, तुझा जन्म तालमीत गेला आहे. पण सलग शंभर बैठका हे दमाचंच काम आहे, पायाच्या दमाचं. कुस्तीला ते लागतं, मिनिटामागून मिनिट झटापट चालते तिथे. गोळ्याला लागतं ते असं वजन की जे पाच वेळा उचललं की सहावी-सातवी वेळ जड जाईल. म्हणजे तुझ्या वेळापत्रकात धावणं आहे, बैठकांच्या रूपात पुन्हा दम आहे, आणि खरी ताकद कुठेच नाही.

दोन्ही एकत्र केल्यावर काय होतं याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 साली प्रसिद्ध केला. तीन गट, 10 आठवडे: एक गट फक्त वजनं, आठवड्यातून 5 दिवस. दुसरा फक्त दमाचा व्यायाम, 6 दिवस. तिसरा दोन्ही, पूर्णच्या पूर्ण. तिसऱ्या गटाची ताकद साधारण सहा-सात आठवडे छान वाढली, मग अडकली आणि शेवटी उतरायला लागली. दम मात्र दमवाल्या गटाइतकाच वाढला. म्हणजे ताकदीमुळे दमाचं नुकसान झालं नाही, अति दमामुळे ताकदीचं झालं. तुझ्या पोरांचं दीड-दोन महिन्यांनी अडतं ते यात चपखल बसतं. नंतरच्या अभ्यासांनी ही भीती बरीच कमी केली आहे: प्रमाणात केलं तर निव्वळ ताकदीवर आणि स्नायूंच्या वाढीवर फारसा परिणाम होत नाही. झटक्याच्या ताकदीवर मात्र होतो, आणि तो मुख्यतः दोन्ही एकाच सत्रात उरकल्यावर. मध्ये किमान तीन तास ठेवले तर तोही जवळपास राहत नाही. क्रमाचं म्हणशील तर वजनं आधी घेणाऱ्यांच्या पायाची ताकद जास्त वाढते आणि दमाची वाढ दोन्ही क्रमांत सारखीच निघते. म्हणून शंका असेल तिथे ताकद आधी. त्यात धावणाऱ्याचं काही जात नाही. उलट जड वजनांनी काही महिन्यांत त्याच वेगाला कमी प्राणवायू पुरायला लागतो, ते 1600 च्या शेवटच्या राउंडला कामी येतं.

तर आठवडा असा लाव. सोमवार आणि शुक्रवार झटका आणि ताकद, बुधवार दम. मधले दिवस हलके.

सोमवारी पोरं आली की आठ-दहा मिनिटं हलकं जॉगिंग, पाय झुलवणं, 60 मीटरच्या तीन वाढत्या वेगाच्या धावा. हे वॉर्मअप आहे, याला धावण्यात मोजू नकोस आणि पोरांना यात शर्यत लावू देऊ नकोस. एकेक मिनिट ताणून धरायचे स्ट्रेचिंग शेवटी घे, सुरुवातीला घेतलं तर जोर थोडा कमी होतो. मग 30 मीटरचे सहा स्टार्ट, दोन स्टार्टच्या मध्ये पुरी दोन मिनिटं उभं राहून. पोरांना हे चैनीचं वाटेल, पण तात्काळ जोराचं इंधन स्नायूंत परत भरायला काही मिनिटं लागतातच. त्यानंतर गोळा: 12 ते 15 थ्रो, त्यातले पहिले पाच जागेवरून, प्रत्येकात मिनिटभर अंतर. सलग तीन थ्रो आधीपेक्षा अर्धा मीटर कमी पडले की त्या पोराचा गोळा त्या दिवशी बंद, शिल्लक कितीही असोत.

मग वजनं. या क्रमाचा आणखी एक फायदा आहे. रात्रभर आडवं पडल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकून जड उचलणं कमरेला धोक्याचं. स्टार्ट आणि गोळा होईपर्यंत तो तास सरतो. खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट: 5 रेप्सचे 4 सेट, म्हणजे सलग पाच वेळा, असं चारदा, मध्ये अडीच-तीन मिनिटं. वजन असं की पाचव्या रेपनंतर अजून दोन निघाल्या असत्या. गुडघे आत वळले किंवा टाच उचलली की वजन जास्त झालं समज. मग गुडघे किंचित वाकवून डेडलिफ्ट, म्हणजे कमरेतून वाकून बार उचलणं, 6 चे 3, पाठ सपाट. मग उभं राहून, गुडघ्यांचा हलका हिसका देत बार डोक्यावर, 4 चे 4. गोळ्याला सगळ्यात जवळचा व्यायाम हाच. शेवटी पिंडऱ्यांसाठी टाचा उचलणे, 15 चे 3. ज्यांनी कधी बार धरलेला नाही त्यांना पहिले तीन आठवडे 15-20 किलोची वाळूची गोणी छातीशी धरून बैठक, 8 चे 3. त्यात घाई नको.

सोमवारी राउंड नाहीत. पोरं कुरकुर करतील, घाम आला नाही म्हणतील. घामाला गुण नाहीत म्हणून सांग.

मंगळवारी 30 मिनिटं हलकं धावणं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. जड पायाच्या व्यायामानंतर अंग सगळ्यात जास्त दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणून वेगाचं धावणं मंगळवारी नको. बुधवारीही थोडं दुखेल, पण दोन-तीन आठवड्यांत अंग सरावतं.

बुधवारी ताजेपणा पूर्ण दमाला. 400 चे पाच, 5:10 चं ध्येय असेल तर 77-78 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. पहिला 70 मध्ये मारून पाचवा 90 मध्ये येणारा तुझ्याकडे नक्की असेल. त्याच्यासोबत घड्याळ घेऊन 200 च्या खुणेवर उभा राहा आणि 38 च्या आत आला तर ओरड. एक बुधवार सोडून एक, 400 च्या जागी ग्राउंडची पूर्ण चाचणी घे. बुधवारी संध्याकाळी जे येऊ शकतात त्यांना जोर आणि पुलअप्स, पायांचा व्यायाम न घेता. सकाळ-संध्याकाळमध्ये सहा तास असले की झालं.

गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी सोमवारचंच, स्क्वॉटचे सेट तीन. शनिवारी 40-45 मिनिटं संथ धावणं, मातीवरून. रविवारी सुट्टी.

कॉलेजवाल्या पोरांना एकच वेळ मिळते आणि काहींना आठवड्यातून चारच दिवस. त्यांना एकाच सत्रात दोन्ही घ्यायचं तर गोळा, वजनं, दहा मिनिटं विश्रांती आणि मग 15-20 मिनिटं संथ धावणं. इंटरव्हल, म्हणजे बुधवारसारखे मध्ये थांबून वेगाने मारायचे राउंड, मात्र त्या दिवशी नाहीच, त्याला वेगळा दिवस.

क्रम उलटा ठेवावा असंही एखादं पोरगं निघेल. ज्याचा गोळा आत्ताच साडेआठला जातो आणि 1600 ला 5:50 लागतात, त्याला ताकदीचा एकच दिवस दे आणि शुक्रवारी सकाळी 200 चे आठ लाव. त्याचे गुण तिथे अडकलेत. मुलींच्या बॅचमध्ये याचं दुसरं टोक दिसतं. 800 मीटर 2:50 मध्ये, म्हणजे 85 सेकंदांचे दोन राउंड, बऱ्याच जणी मारतात. 4 किलोचा गोळा 6 मीटर जात नाही, कारण आयुष्यात वजन म्हणून कुणी हातात काही दिलेलंच नसतं. त्यांना सोमवार-शुक्रवार अजिबात चुकवू देऊ नकोस. एखादी नेहमीपेक्षा लवकर धापा टाकत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांग, राउंड वाढवू नकोस.

हे जमतंय की नाही ते बघायला दर सोमवारी वॉर्मअपनंतर जागेवरून लांब उडी मोजून वहीत लिही, तीनपैकी सर्वांत लांब. लागोपाठ दोन सोमवार दहा सेंटिमीटरने उतरली तर पोरगं थकव्यातून सावरत नाहीये. त्या आठवड्यात शनिवारचं धावणं काढ आणि वजनांचे सेट निम्मे कर. बार मात्र तोच ठेव. आणि झोप विचार: रात्री अकरापर्यंत मोबाईल बघून पाचला ग्राउंडवर उभ्या राहणाऱ्या पोरावर कुठलंच वेळापत्रक लागू पडत नाही.

नडगीचं दुखणं वेगळं सांगतो, कारण ते चुकीच्या क्रमापेक्षा धावण्याच्या एकदम वाढलेल्या अंतराने आणि डांबरी रस्त्याने येतं. नडगीच्या आतल्या कडेने पसरट दुखत असेल तर धावणं निम्मं कर, मातीवर आण, टाचा उचलणं चालू ठेव. एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा हाडावर दुखत असेल तर धावणं त्याच दिवशी बंद आणि हाडाचा डॉक्टर. हाडाची बारीक चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे साफ आला म्हणून पळवू नकोस.

खाण्याचं थोडक्यात. पाचला उपाशीपोटी हलकं धावलं तर चालतं. सोमवार, बुधवार, शुक्रवारी मात्र अर्धा तास आधी एक-दोन केळी पोटात हवीत. प्रथिनं किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या पोराला 95 च्या आसपास. चार अंड्यांत 24, अर्ध्या लिटर दुधात 16, 50 ग्रॅम सोयाबीन वड्यांत 26, मूठ-दीड मूठ शेंगदाण्यांत 12. बाकीचं भाकरी-डाळीतून निघतं. अंडी न खाणाऱ्याने वड्या आणि दूध वाढवावं. पावडरच्या डब्याला पैसे घालायची गरज नाही, आणि कुणी इंजेक्शनची गोष्ट काढली तर त्याला बॅचमधून काढ.

ग्राउंडची तारीख लागली की शेवटचे बारा दिवस धावणं आणि सेट दोन्ही निम्मे, वेग आणि वजन तेच. शेवटचा जड स्क्वॉट पाच दिवस आधी. अनेक जण शेवटचा महिना वजनं पूर्ण बंद करतात, त्याने मिळवलेला जोर नेमका लागतो तेव्हाच उतरलेला असतो. नवे बूट शेवटच्या आठवड्यात कुणालाच नकोत. आणि गुणांचे आकडे दर जाहिरातीत पुन्हा वाच, मुलांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

तुझ्या स्वतःबद्दल शेवटी विचारलंयस, पन्नाशीला टेकलास म्हणून. तुला कुठे गोळा टाकायचाय? आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास वजनं आधी आणि लगेच वीस मिनिटं झपाझप चालणं, बाकी दिवस चालून आठवड्याची 150 मिनिटं भर. पोट कमी करायला यात क्रमाने काही फरक पडत नाही, ते ताटावर आहे. पण वजनं मागे ठेवलीस तर तू ती टाळशील, म्हणून आधी.

पुढच्या सोमवारी प्रत्येकाचे तीन आकडे लिहून पाठव: 1600, 100 आणि गोळा. सोबत ती लांब उडी. कोणाला कुठल्या गटात घालायचं ते त्यावरून ठरवू. आणि गोळे किती आहेत तेही कळव. तीस पोरांत दोन असतील तर मिनिटभराची विश्रांती आपोआप मिळेल, पण सकाळ तिथेच संपेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू