भारताचा आवाज, असाइनमेंट तत्त्वावर: माहिती आणि प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली.

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका सरकारी प्रसारण कार्यालयाची जाहिरात मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर पाठवली. परकीय भाषांचे जाणकार हवे आहेत. भाषांतर यायला हवं, माइकसमोर वाचता यायला हवं, त्या त्या लिपीत टायपिंग हवं, रात्रपाळीची तयारी हवी. काम असाइनमेंट तत्त्वावर. ‘कायम नोकरीवर कोणताही हक्क सांगता येणार नाही’ हे वाक्य तेवढं ठळक अक्षरांत. खाली तिने विचारलं होतं, ‘परत जातेस का?’ आणि पुढे हसरे चेहरे.

मी त्याच ठिकाणी काम केलंय. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तिथे आज राबणाऱ्या कॅज्युअल, म्हणजे ड्युटीपुरत्या बोलावलेल्या, मुलांची नावं पुढच्या महिन्याच्या ड्युटी चार्टवरून गळतील, आणि वरच्या कुणाच्याही केसाला धक्का लागणार नाही.

भारताची बाजू जगापुढे ठामपणे मांडणारी सरकारी वाहिनी असावी, याला माझा विरोध नाही. उलट असावीच. पण आपण गेली तीस वर्षं तिचं बारसंच करत बसलो आहोत. 1995 मध्ये डीडी इंटरनॅशनल निघाली. 2000 मध्ये ती डीडी वर्ल्ड झाली, 2002 मध्ये डीडी इंडिया. 2019 मध्ये तिला इंग्रजी बातम्यांची वाहिनी केली. मधे 2014 मध्ये सॅम पित्रोदा समितीने प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेला, जगातल्या उत्तमोत्तम प्रसारकांच्या पंगतीत नेण्याचा अहवाल दिला, तो कपाटात गेला. मग मे 2021 मध्ये प्रसार भारतीने सल्लागार कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले: जागतिक वाहिनी काढायची आहे, आराखडा करून द्या. नाव काय ठरवलं? डीडी इंटरनॅशनल! आम्ही तेव्हा कोविडमध्येही रात्रपाळ्या करत होतो. बातमी वाचून सगळे खूश झालो, कुणीतरी पेढेसुद्धा आणले. म्हटलं, आता भाषा येणाऱ्या माणसांना बरे दिवस येणार. कसले दिवस आणि कसलं काय.

पुढे 2025 चा मे महिना आला. एप्रिलमध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या 26 जणांत सहा आपल्या महाराष्ट्राचे होते: डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे, पनवेलचे एक. 7 मेला ऑपरेशन सिंदूर झालं. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांची पत्रकार परिषद मी परदेशी वाहिन्यांवर पाहिली. शांत, मोजकं, एकही शब्द वाया नाही. जगाने कान देऊन ऐकलं. आणि दुसऱ्याच रात्री आपल्या खाजगी वाहिन्यांनी कराची बंदर उडवलं, इस्लामाबाद काबीज केलं, स्टुडिओत सायरन वाजवले. सकाळी जगभरच्या वर्तमानपत्रांना हसायला खाद्य मिळालं. भारताच्या सरकारी वाहिनीसाठी इतकी मोठी संधी पुन्हा येणार नाही. खरं काय, खोटं काय, काय अजून कळायचंय, एवढं तिने रात्रभर सांगितलं असतं तरी आरडाओरड्याला कंटाळलेला अर्धं जग तिच्याकडे वळलं असतं. वळलं का?

त्यानंतर सरकारने सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं, 59 जण, 33 राजधान्यांत पाठवली. आमच्या सुप्रियाताई गेल्या, श्रीकांत शिंदे गेले. दोघंही चांगलं बोलले, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या देशाची स्वतःची जागतिक वाहिनी तीस वर्षांची आहे, त्याला आपलं म्हणणं सांगायला विमान भरभरून खासदार का पाठवावे लागतात?

त्याहून बोचलं ते 31 मेला. लढाईत आपली विमानं पडली, हे देशाचे सीडीएस, म्हणजे संरक्षण दलप्रमुख, जनरल अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये सांगितलं. कुणाला? ब्लूमबर्ग टीव्हीला. देशाच्या तिन्ही दलांच्या वतीने बोलणारा माणूस इतकी मोठी गोष्ट सांगायला परदेशी वाहिनी निवडतो, यात सगळं आलं. त्यांना ठाऊक आहे की ब्लूमबर्गला सांगितलं तर जग विश्वास ठेवेल. आपल्या वाहिनीवर सांगितलं असतं तर ती सरकारी प्रेसनोट ठरली असती. हा दोष अँकरचा नाही, कॅमेऱ्याचा नाही. प्रसार भारती कायदा 1990 चा, अमलात आला 1997 मध्ये, आणि स्वायत्तता अजून कागदावरून खाली उतरायची आहे. पगार तुमच्याकडून, नेमणुका तुमच्या मर्जीने, आणि अपेक्षा अशी की नैरोबीतल्या माणसाने तिला स्वतंत्र समजावं.

सरकारी पैसा म्हणजे मिंधेपणाच, असं नसतं. जर्मनीची डॉइचे वेले करांच्या पैशावर चालते आणि बर्लिनच्या सरकारवर टीकाही करते, म्हणून तर तिचं ऐकतात. उलट रशियाच्या आरटीने फक्त मालकाचीच री ओढली. युक्रेनवर हल्ला झाल्यावर 2022 मध्ये युरोपीय महासंघाने तिचं प्रसारणच बंद केलं. धोरण पोचवायचं असेल तर त्या धोरणावरची टीकाही त्याच पडद्यावर दिसू द्यावी लागते. हे मी तुम्हाला सांगावं, म्हणजे जरा अतीच होतंय. पण सांगते.

आणि भाषा? टीव्हीवर जगासाठी आपण बोलतो ते इंग्रजीत. काठमांडूच्या चहावाल्याशी इंग्रजीत, जाफन्याच्या मच्छीमाराशी इंग्रजीत, कैरोच्या विद्यार्थ्याशी इंग्रजीत. 1 ऑक्टोबर 1939 ला, इंग्रजांच्या राज्यात, आकाशवाणीची परदेश सेवा सुरू झाली ती पश्तूत. नंतर नेपाळी, सिंहली, तिबेटी, बर्मी, फारसी, अरबी, स्वाहिली अशा पंधरा परकीय भाषा होत्या. शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर एकेक करत थंडावले आणि टीव्हीकडे ती परंपरा आलीच नाही. दुसरीकडे ब्रिटिश सरकारने पैसे दिले आणि 2017 मध्ये बीबीसीने चक्क मराठीत बातम्या सुरू केल्या. लंडनला आमच्या साताऱ्या-सोलापूरच्या वाचकाशी मराठीत बोलणं परवडतं. दिल्लीला शेजारच्या ढाक्याशी टीव्हीवर बांगलात बोलणं परवडत नाही, आणि बांगला तर आपल्या घरचीच भाषा.

आता माझं. मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले. वडील एसटीत कंडक्टर होते, त्यांना वाटायचं पोरगी राजदूत होणार. पोरगी झाली कॅज्युअल. महिन्यात मोजक्याच ड्युट्या द्यायच्या, म्हणजे कुणी कायम करा म्हणून कोर्टात जायला नको. आजारी पडलं की पैसे नाहीत. बाळंतपणाच्या वेळी तर मला सांगितलं, ‘पॅनलवर नाव राहील, काळजी करू नका’. राहिलं नाही, परत परीक्षा द्यायला लावली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांना रशियन येत नव्हतं, त्यांनी माझी उत्तरपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि ‘हँडरायटिंग चांगलं आहे’ म्हणाले.

काम काय असायचं तेही ऐका. रात्री मजकूर यायचा: अमुक मंत्र्यांनी तमुक उड्डाणपुलाचं लोकार्पण केलं. मंत्र्यांची तीन खाती, सोबत दोन राज्यमंत्री, स्थानिक खासदार, सगळी नावं हुद्द्यांसकट. हे मी ताश्कंद आणि अल्माटीच्या माणसांसाठी रशियनमध्ये करायचे. नावं कमी करू का विचारलं, तर उत्तर यायचं, ‘वरून आलंय, एकही नाव गाळू नका’. युक्रेन युद्धावर भारताने संयुक्त राष्ट्रांत तटस्थ मतदान केलं, तेव्हा रशियन बोलणाऱ्या साऱ्या जगाला भारताचं का आणि कसं ऐकायचं होतं. मी चार ओळींचं स्पष्टीकरण लिहून दिलं. ते कापलं गेलं आणि त्या जागी एका प्रदर्शनाचं उद्घाटन आलं.

मानधनाची बिलं महिनोन्‌महिने अडकायची. ड्युटी स्लिपवर सही नाही, सही आहे तर शिक्का नाही, शिक्का आहे तर फंड आलेला नाही. माझी शेवटची बिलं आजही थकलेली आहेत. तक्रार पोर्टलवर टाकली. ‘संबंधितांकडे पाठवली’ असा शेरा मारून ती निकाली काढली, आणि वर मला विचारलं की या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाच तारे द्या.

2023 मध्ये प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी 2,539 कोटींची योजना मंजूर झाली. ट्रान्समीटर, स्टुडिओ, एचडी, सगळं आलं. त्याचा एक टक्का पंचवीस कोटी होतो. तेवढ्यात दहा भाषांचे डेस्क वर्षभर चालतील, असा हिशेब आम्ही कॅन्टीनमध्ये कागदी रुमालावर केला होता. कच्चा असेल. तुमच्याकडे चार्टर्ड अकाउंटंट आहेत, पक्का करून घ्या. पण या देशात यंत्राला टेंडर निघतं आणि माणसाला ‘असाइनमेंट’. शाळेत कंत्राटी शिक्षक, दवाखान्यात कंत्राटी नर्स, विद्यापीठात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. मराठीला अभिजात दर्जा देता आणि मराठीच्या विभागांत रिकाम्या खुर्च्या ठेवता. मग परराष्ट्र धोरणच तेवढं कायम माणसांनी का सांगावं? तेही रोजंदारीवर सांगू.

एवढं करा. 2021 मध्ये ज्या आराखड्यासाठी प्रस्ताव मागवले होते, त्याचं काय झालं ते लोकांपुढे मांडा. संपादकाची नेमणूक मंत्रालयाबाहेरच्या मंडळाकडे द्या, ठरावीक मुदतीची, मधेच काढता न येणारी. इंग्रजीत आणखी एक चकचकीत स्टुडिओ बांधण्याआधी नेपाळी, बांगला, सिंहली, अरबी आणि रशियनची माणसं पगारावर घ्या. आणि रात्री दोन वाजता बुलेटिन संपवून निघणाऱ्या मुलींना घरी सोडायला गाडी द्या. अधिकाऱ्यांच्या बायकांना बाजारात न्यायला ती दिवसा असतेच.

उत्तर हिंदीत दिलं तरी चालेल, इंग्रजीत दिलं तरी चालेल. रशियनमध्ये देणार असाल तर आधी सांगा, भाषांतराचं बिल मी आगाऊ घेईन.

आपली,
एक माजी कॅज्युअल, पुणे