महसूलमंत्री साहेब, इंडेक्स टू मध्ये कार्पेटचा वेगळा रकाना द्या

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

नोंदणी आणि मुद्रांक विभाग तुमच्याकडे येतो म्हणून तुम्हालाच लिहितोय. फ्लॅट बघायला निघालं की पहिला प्रश्न रेट काय चाललाय, उत्तर येतं पर स्क्वेअर फूटमध्ये, पण कुठला स्क्वेअर फूट ते कोणी आपणहून सांगत नाही. खोदून विचारलं तर एजंट म्हणतो सेलेबल एरिया आहे सर, म्हणजे जिना लिफ्ट लॉबी सगळं थोडं थोडं आपल्या माथी.

समजा एक फ्लॅट १ कोटीचा, एरिया सांगितला १००० फूट म्हणजे रेट १०,०००. दुसरा ९० लाखाचा, सांगितला ७५० फूट म्हणजे रेट १२,०००. कोणीही म्हणेल पहिला स्वस्त. आता टेप लावा. पहिल्याचा कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, निघाला ६५० आणि दुसऱ्याचा ६४०. म्हणजे पहिला पडला साधारण १५,३८५ ने आणि दुसरा १४,०६३ ने, जो महाग वाटत होता तोच स्वस्त निघाला की!

रेरा, म्हणजे बिल्डर आणि घरखरेदीचा कायदा, आहे ना मग, असं कोणी म्हणेल. आहे, आणि २०१६ च्या त्या कायद्यात कार्पेटची व्याख्या चांगली स्पष्ट आहे. आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस सोडायचं. पण ते नवीन प्रोजेक्टला. रिसेलच्या बाजारात अजून सुपर बिल्टअपच, म्हणजे तोच सेलेबल एरिया, चालतो, आणि जुन्या ॲग्रीमेंटमध्ये कार्पेट लिहिला असला तरी तो बऱ्याचदा भिंतीपासून भिंतीपर्यंत खोलीखोलीने मोजलेला, आतल्या भिंती न धरता, कधी बंद केलेली बाल्कनी आत घेऊन. त्यामुळे कार्पेट ते कार्पेट पण जुळत नाही.

आता मुद्द्याचं. खरे व्यवहार कितीला झाले ते तुमच्या विभागाच्या साईटवर इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सारांशात, दिसतं, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ सगळं असतं, आणि ही खरंच भारी सोय आहे, एजंटच्या तोंडी रेटपेक्षा शंभरपट बरी. पण क्षेत्रफळाच्या रकान्यात नुसता आकडा, समजा ६०.३९ चौ. मीटर. हा कार्पेट का बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंती धरून मोजलेला? ते कळायला वरचं मिळकतीचं वर्णन वाचायचं, तिथे एकाने कार्पेट लिहिलंय, दुसऱ्याने बिल्टअप, तिसऱ्याने काहीच नाही, आणि पार्किंग कधी त्याच वाक्यात कोंबलेलं. मीटरचे फूट एकवेळ १०.७६४ ने गुणून निघतात हो, पण कार्पेट का बिल्टअप हे कॅल्क्युलेटर कसं सांगणार?

म्हणून मागणी एवढीच की दस्त नोंदवताना रेरा व्याख्येचा कार्पेट, बाल्कनी आणि टेरेस, आणि पार्किंग असे वेगवेगळे रकाने सक्तीचे करा आणि तेच इंडेक्स टू वर छापा. दस्ताची माहिती आधी ऑनलाईन भरावीच लागते, त्यात अजून तीन खाने भरायला कोणाचं काय जाणार आहे. जुन्या फ्लॅटचा रेरा कार्पेट नसेल तर मंजूर नकाशावरून काढा, तेही नसेल तर 'उपलब्ध नाही' असं स्वच्छ लिहू द्या, निदान चुकीच्या आकड्याने भागाकार तरी होणार नाही.

फुटाच्या रेटने सगळं कळतं असं मी म्हणत नाहीये. लहान फ्लॅटचा रेट बऱ्याचदा जास्त दिसतो कारण किचन बाथरूमचा खर्च थोड्याच फुटांवर पडतो, मजला, बिल्डिंगचं वय, सोसायटीची कागदपत्रं याने पण फरक पडतोच. ते ज्याचं त्याने बघावं. पण मोजायची पट्टी सगळ्यांना एकच द्यायचं काम सरकारचं आहे आणि आकडे तुमच्याकडे येतातच.

रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं ते, दर ठरवताना तुमचे अधिकारी पण हेच व्यवहार बघतात ना, मग त्यांचंही काम सोपं होईल.

आपला,
फ्लॅट शोधणारा एक जण