डेपो दाखवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

श्रावणात तुम्ही पुण्याहून गावी आला होतात. त्या संध्याकाळी ओसरीवर बसून तुम्ही मला जे शिकवलंत, त्याचे आभार तेव्हा नीट मानताच आले नाहीत. लाइट आली, औशाची शेवटची एसटी निघायची वेळ झाली होती, मी लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि निघाले. आज सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे माझ्यासारखं कुणी अडलं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

मी लातूरला संख्याशास्त्र शिकवते. महसूल मंडळांच्या रोजच्या पावसाचे आकडे ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषेत घेऊन कुठं किती दिवसांचा खंड पडला ते काढते. सोयाबीन फुलात असताना खंड 21 दिवसांवर गेला की पीकविम्याचा विषय निघायचा आणि गावातली माणसं विचारायला यायची. माणूस समोर खुर्चीवर बसलेला असायचा आणि पहिला आलेख उमटायला दीड-दोन मिनिटं जायची. दुसरा मात्र लगेच यायचा. माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, त्यामुळे लाइट गेली की सगळं बंद, आणि आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. त्यात अधूनमधून सगळी पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे संच, नव्यानं प्रीकंपाइल व्हायला लागायची, म्हणजे त्यांची वापराआधीची तयारी पुन्हा करावी लागायची. एका दुकानदारानं नवा लॅपटॉप घ्यायला सांगितलं होतं आणि मी त्यासाठी पैसे बाजूला टाकायला लागलेही होते.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, “कोणती ज्युलिया चालवायलात, ताई?” मी म्हटलं, एकच तर आहे. तुम्ही म्हणालात, “मग तिलाच विचारा की कुठं बसलीय.”

कीबोर्ड तुम्ही माझ्याच हातात ठेवलात. डेस्कटॉपवरच्या चिन्हानं उघडलेल्या ज्युलियात मी ‘सिस’, टिंब, ‘बिनडिर’ असं टाइप केलं, तर एक पत्ता आला. टर्मिनलच्या काळ्या खिडकीतून उघडलेल्या ज्युलियात तेच विचारलं, तर दुसराच पत्ता. एक आवृत्ती 1.6 आणि दुसरी 1.10! जुनी कधीतरी विद्यार्थ्यानं टाकून दिलेली, नवी मी स्वतः घेतलेली. दोघींना मी एकाच प्रोजेक्ट फोल्डरमधून चालवत होते. एकीनं ठरवलेल्या आवृत्त्या दुसरीला चालायच्या नाहीत, मग मी अपडेट मारायचे आणि सगळं पुन्हा शिजायला बसायचं.

मग ‘डेपो पाथ’, म्हणजे ज्युलिया आपलं सामान ठेवते त्या जागेचा पत्ता, विचारायला लावलंत. तो शब्द ऐकून मी थबकले, तर तुम्ही म्हणालात, “एसटीचा डेपो असतो तसाच बघा. गाड्या इथं उभ्या राहतात, दुरुस्तीही इथंच.” माझ्या नावाच्या फोल्डरात टिंब-ज्युलिया, त्यात ‘पॅकेजेस’ आणि ‘कंपाइल्ड’. ‘कंपाइल्ड’ उघडलं तर 1.6 आणि 1.10 अशी दोन फोल्डरं शेजारी शेजारी. इतकी वर्षं वापरतेय, पण तिथं कधी डोकावले नव्हते.

जुनी मंद का, हेही तुम्ही सांगितलंत. ज्युलिया कुठलंही फंक्शन पहिल्यांदा हाक मारल्यावर यंत्राच्या भाषेत उतरवते. 1.9 च्या आधी प्रीकंपाइलमध्ये ती अर्धीच तयारी करून ठेवायची: ज्वारी दळलेली, पण भाकरी दर वेळी नव्यानं थापायची. 2023 ला 1.9 आली, तेव्हापासून यंत्राचा तयार कोडही डिस्कवर राहतो, कडक भाकरी दुरडीत असते तसा. मी वर्गात आता हेच उदाहरण देते.

जुनी काढून टाकली तेव्हाच निम्मं काम झालं होतं. तरी तुम्ही पुढं ‘पॅकेजकंपायलर’ नावाचं पॅकेज घ्यायला लावलंत. सीएसव्ही, डेटाफ्रेम्स आणि प्लॉट्स ही माझी रोजची तीन पॅकेजेस एका सिस्टिम इमेजमध्ये, म्हणजे ज्युलिया सुरू होतानाच उघडणाऱ्या तयार कोडच्या फाइलमध्ये, भरायची होती. त्यासोबत रोजच्या कामाची एक छोटी फाइलही द्यायची, म्हणजे नेमकी कोणती फंक्शन्स आधी तयार ठेवायची ते कंपायलरला कळतं. मी नमुन्याचे खोटे आकडे घालत होते, तर तुम्ही अडवलंत. औसा मंडळाची खरी फाइल वाचून खरा आलेख काढायला लावलात, कारण रोज जे करतो तेच तिथं हवं. तुमच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप वीसेक मिनिटं नुसता तापत होता आणि तुमच्या आई तेवढ्यात दोनदा चहा देऊन गेल्या. शेवटी काहीशे एमबीची एक फाइल तयार झाली. ज्युलिया सुरू करताना ‘वजा जे’ लावून तिचा पत्ता दिला आणि आलेख तीन सेकंदांत समोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दादा.

तुमचे दोन्ही इशारे पाळतेय. इमेजमध्ये गेलेलं पॅकेज तिथंच गोठतं, अपडेट केलं तर इमेज नव्यानं बांधावी लागते. आणि खंड मोजायचं माझं फंक्शन मी रोज बदलते, म्हणून ते बाहेरच ठेवलंय.

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या लॅबमध्ये एका मुलीची ज्युलिया अडली. मी जागेवरूनच म्हटलं, आधी तिलाच विचार कुठं बसलीय. तिच्याकडे तीन निघाल्या.

तुम्ही खताच्या पावतीमागं लिहून दिलेल्या त्या चार ओळींची झेरॉक्स लॅबच्या भिंतीवर लावलीय. मूळ पावती माझ्याच वहीत राहिली. काका शोधत असतील. दिवाळीला तुम्ही आलात की आणून देते.

तुमची,
औशाची ताई